मावशीचे दीडशे पौंड

टॅलो पॉइंट वणवा टेहळणी मनोरा, आयडाहो
२१ जून

व्हर्ला मावशी आणि डेलविन काका,

तुमचं पाकीट बुधवारी ऑरिनने आणून दिलं. माझा आठवड्याचा शिधा आणि टपाल तो खेचरांवरून आणतो, आणि त्याच दिवशी माझी पत्रं परत घेऊन जातो. पाकीट देताना म्हणाला, "तुझ्या घरच्यांना सांग, पुढच्या वेळी कागद जास्त आणि लाकडाचा भुसा कमी पाठवा." काका, तुम्ही पत्र गॅरेजमध्येच बसून लिहिलंत हे त्यावरून कळलं.

ऑगस्टमध्ये तुम्ही दोघं पिकअप घेऊन इकडे मुक्कामाला येणार, हे मी इतक्या वेळा वाचलं की कागदाची घडी फाटली. रस्ता जिथे संपतो तिथे झऱ्याकाठी तंबू ठोकायची जागा आहे. तिथून मनोऱ्यापर्यंत पायवाट फार चढाची आहे, मावशीने ती चढू नये. माझ्या सुट्टीच्या दोन दिवसांत मीच खाली उतरेन. वणवा लागला नाही तर. जूनमध्ये असं लिहिणंही मला बरं वाटत नाही, पण लिहिलं नाही तर खोटं होईल.

आता गाडीचं. काका, तुम्ही लिहिलंत, "तू कॉलेजात शिकतेस, बघ बरं आपली पिकअप एवढं ओझं पेलेल का." घरात शिकलेली मी एकटी, आणि आत्तापर्यंत शिकले ते पुलांबद्दल. पण गाडीच्या दारावर चिकटवलेल्या कागदावरचा मजकूर तुम्ही उतरवून पाठवलात हे फार बरं केलंत. त्यात लिहिलंय की माणसं आणि सामान मिळून चौदाशे ऐंशी पौंडांच्या वर जाऊ नये. "माणसं" हा शब्द तिथे उगाच नाही. तुम्ही दोघंही त्यात मोजले जाता. पुष्कळ लोक नेमके स्वतःला विसरतात.

तुम्ही गाडीच्या मागच्या भागावर जी लाकडी खोली बांधताय ती तुम्ही सहाशे पौंड म्हणता. काका दोनशे दहा, मावशी दीडशे. पाणी, जनरेटर, हत्यारांची पेटी, स्वयंपाकाचं सगळं. चमच्यांच्या खणाचंही वजन करून कळवा, मी अंदाजाने धरलंय आणि अंदाज मला आवडत नाही. एवढं सगळं धरून वीस पौंड उरतात. म्हणजे बसतं. पण वीस पौंड म्हणजे काहीच नाही, म्हणून मला झोप लागणार नाही.

तुमची,
ओपल

बर्ली
३० जून

ओपल बाळा,

तुझं पत्र मी गॅरेजमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं, कारण डेलविन शिडीवर होता आणि त्याचा चष्मा कुठे होता ते त्यालाच माहीत नव्हतं. "काका दोनशे दहा" वाचल्यावर वरून आवाज आला, "पोरीने मला बुटांसकट धरलं की काय?" मग मी पुढचा आकडा वाचला. त्यावर त्याने त्याच खिळ्यावर दोन जास्तीचे घाव घातले. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे गप्प बसायचं तेवढं तो शिकलाय.

तू मला दीडशे धरलंस. गोड आहेस.

बटाट्यांची वखार आता सफाईसाठी बंद आहे, त्यामुळे सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून बटाटे निवडण्यातून सुटका. शेवटच्या दिवशी पट्ट्यावर माझ्या आधी उभ्या असलेल्या नॉर्डाने सगळ्यांसमोर विचारलं, "तुझी भाची डोंगरावर एकटी बसून करते तरी काय?" म्हटलं, "बघते." "काय बघते?" "तू तुझ्या घराच्या मागे कचरा जाळतेस ते." दिवसभर ती मला बटाट्यापेक्षा दगडच जास्त पाठवत होती.

मी माझं थोडं सामान काढून ठेवलंय. हातांची खुर्ची, कारण झऱ्याकाठच्या दगडावर मी बसले तर मला उठवायला ऑरिनची खेचरं लागतील. आजीची जाड रजई. बिडाचा मोठा तवा. मागच्या वर्षीच्या पीचच्या बरण्या, तुला त्या आवडतात म्हणून. तू तिथे डब्यातलं खातेस या विचाराने मला कसंतरी होतं.

डेलविनने मागच्या चाकांपाशी हवेच्या पिशव्या बसवून घेतल्यात. आधी गाडीचं मागचं अंग वाकत होतं, आता टेबलासारखी सरळ उभी राहते. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो आणि म्हणतो, "आता कितीही भर."

एक विचारायचं होतं. समजा ओझं थोडं जास्त झालं, म्हणजे अगदी थोडंच, तर काय होतं? सहज विचारते.

तुझी,
व्हर्ला मावशी

टॅलो पॉइंट
८ जुलै

मावशी,

तू सहज विचारलंस, पण मी सहज उत्तर देऊ शकत नाही, कारण परवाच ते डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी दुर्बिणीतून घाटाच्या रस्त्याकडे पाहताना मला धूर दिसला. पांढरा, खालून वर येणारा. मी यंत्रावर दिशा धरली आणि रेडिओवरून वणव्याची खबर दिली. ही माझी पहिलीच खबर. तासाभराने खालून वनरक्षकाचा आवाज आला, "ओपल, तुझ्या वणव्याला चार चाकं आहेत." पिकअपवर केवढी तरी खोली चढवून एक जोडपं घाट उतरत होतं. ब्रेक इतके तापले की धूर निघाला. ती दोघं कडेला उभी होती आणि बाई रडत होती, असं तो म्हणाला. आता रेडिओवर सगळे मला हसतात. हसू देत. मला हसता आलं नाही, कारण तो रस्ता तुमचाच आहे आणि तसलीच खोली तुमच्या गाडीवर असणार आहे.

काकांना सांग, हवेच्या पिशव्यांनी गाडी सरळ दिसते, तिची ताकद वाढत नाही. चाकांचा आस तोच, टायर तेच, ब्रेक तेच. आधी गाडी वाकून सांगत तरी होती की मला झेपत नाही. आता तीही सांगणार नाही.

म्हणून थोडं जास्त, अगदी थोडंच, असं काही नसतं. जे जास्त आहे ते घरी राहिलं पाहिजे. त्याला दयामाया दाखवायची नाही. आणि जमतच नसेल तर या वर्षी येऊ नका, मला चालेल. तुम्हाला त्या घाटात उभं पाहण्यापेक्षा ते चालेल.

कडक लिहिलंय. पुन्हा वाचलं आणि तरी तसंच ठेवलं. भीती वाटली की मी अशीच बोलते, तुला माहीत आहे.

ओपल

बर्ली
१७ जुलै

ओपल,

मी पत्रं लिहीत नाही. पण आकडे मी सांगितलेले बरे.

काल गाडी सगळी भरून वखारीच्या काट्यावर नेली. बटाट्याचे ट्रक तोलायचा मोठा काटा आहे, काटा सांभाळणारा लेलंड तिथेच होता. व्हर्लाला म्हटलं बसून राहा, तुझंही वजन व्हायला हवं. ती फाटकाशीच उतरली. म्हणाली, ऑफिसात कुणाला तरी भेटायचंय. ऑफिस बंद होतं.

लेलंडने आकडेमोड करून दिली. खोली मी म्हटली त्यापेक्षा ऐंशी पौंड जास्त भरली. प्लायवूड जाड घेतलं होतं. बांधायचं तर नीट बांधावं. म्हणजे व्हर्लाचे तू लिहिलेले दीडशे धरून आपण साठ पौंड वर जातो. मला विचारशील तर साठ पौंड म्हणजे काहीच नाही. बीटच्या हंगामात आम्ही ट्रक असे भरायचो की पुढची चाकं नुसती रस्त्याला टेकलेली असायची. गाडी सरळ दिसतेय ना, मग झालं. पण तू म्हणालीस जास्त चालणार नाही, तर काय काढू ते तूच सांग.

दुसरं. व्हर्ला जेवत नाही. दोन चमचे दही आणि काकडी. भर उन्हात कालव्याच्या कडेने चालायला जाते आणि लाल होऊन परत येते. विचारलं तर म्हणते डॉक्टरांनी सांगितलंय. कुठला डॉक्टर? ती गेल्या हिवाळ्यानंतर कुठल्या डॉक्टरकडे गेलेली नाही. तिने आपली खुर्चीही गाडीतून काढली. म्हणाली, टोचते. सहा वर्षं त्याच खुर्चीवर बसून वाटाणे सोलतेय.

डेलविन

टॅलो पॉइंट
२३ जुलै

डेलविन काका,

तुम्ही काट्यावर गेलात याबद्दल मी किती आभारी आहे ते सांगता येत नाही. बहुतेक लोक जातच नाहीत.

साठ पौंड काढायचे. ऑरिनने पत्र दिल्यापासून मी याच विचारात आहे. तुमच्या खोलीला हात लावा असं मी म्हणणार नाही. वसंतापासून तुम्ही त्यावर खपताय आणि मावशी लिहिते की रविवारी चर्चहून येताना तुम्ही लोकांना ती दाखवायला घरी आणता. जनरेटरही तुम्हाला हवाय हे मला कळतं. मग उरतं ते स्वयंपाकाचं. मावशीला म्हणावं, खुर्ची काढलीस ते फारच चांगलं केलंस. पीचच्या बरण्याही राहू देत, काच जड असते. मी डब्यातलं खाऊन जिवंत आहे. आणि बिडाच्या तव्याऐवजी पत्र्याचा तवा आणा. एवढ्यात बरोबर साठ निघतात. मी तीनदा मोजलं.

मावशीला उन्हात चालू देऊ नका. तिला माहीत नाही का या दिवसांत दुपारी काय ऊन असतं? इथे उंचावरही लोखंडी कठड्याला हात लावता येत नाही. दही-काकडीचं मला नवल वाटत नाही, दर उन्हाळ्यात तिची भूक कमी होते.

आता सगळं बसतं. आज मला खूप दिवसांनी हलकं वाटतंय.

ओपल

बर्ली
२ ऑगस्ट

ओपल बाळा,

मी येत नाहीये. वाईट वाटून घेऊ नकोस. गुडघा फार दुखतोय, आणि पीच याच आठवड्यात पिकायला लागलेत, या वर्षी एवढे धरलेत की फांद्या मोडताहेत. ते सोडून गेले तर सगळे जमिनीवर सडतील. डेलविन ठरल्याप्रमाणे येईल. त्याच्याबरोबर तुझ्यासाठी बिस्किटं देते, हलकी आहेत.

त्याला चांगलं खायला घाल. एकटा असला की तो उभ्याने डब्यातून खातो.

तू अंगावर गरम घालून बसत जा. डोंगरावर संध्याकाळी थंडी पडते.

व्हर्ला मावशी

बर्ली
३ ऑगस्ट

ओपल,

व्हर्लाने काल तुला पत्रात काय लिहिलं ते मला आज कळलं. तिच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. आज सकाळीच शेजाऱ्याच्या कोंबड्यामागे ती अंगणभर धावली आणि त्याला पकडलंही.

झालं ते सांगतो, तूच काय ते समज. तुझ्या पत्राप्रमाणे बरण्या आणि तवा काढला. मी म्हटलं, झालं, निघायला मोकळे. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिची उशी गाडीत नाही. मग तिची कपड्यांची पिशवी अर्धी झाली. मग बूट गेले, घालायला फक्त चपला. काल गाडी उघडली तर रजई पण नाही. सगळं ओसरीवर रचून ठेवलेलं, आणि शेजारी न्हाणीघरातला आपला वजनाचा काटा.

म्हटलं, "ही काय भानगड?"

म्हणाली, "पुरत नाही."

"काय पुरत नाही? ओपलने सांगितलं सगळं बसतं."

"ओपलने जे धरलं त्यात बसतं," म्हणाली. "माझं काढण्यासारखं जेवढं होतं तेवढं काढलं. आता आणखी काही उरलं नाही."

मग आत जाऊन तुला पत्र लिहायला बसली. मला वाटलं बिस्किटांचं विचारतेय.

गाडीत आता माझंच सामान आहे. तिचं एकही नाही. मला हे बरं दिसत नाही, पण नेमकं काय चुकलंय ते कळत नाही. तू शिकलेली आहेस.

डेलविन

टॅलो पॉइंट
६ ऑगस्ट

मावशी,

तुझं पत्र आणि काकांचं पत्र एकाच थैलीतून आलं. तुझं आधी उघडलं. वाटलं, मी घर सोडून इतकी लांब आले म्हणून तू रागावलीस, आणि मला ते योग्यच वाटलं. मग काकांचं वाचलं. ऑरिन खेचरांना पाणी पाजतोय आणि ती निघेपर्यंत मला हे लिहून द्यायचंय. अक्षर वेडंवाकडं येईल.

मी काकांना चमच्यांच्या खणाचं वजन विचारलं आणि तुझं विचारलं नाही. तुला विचारणं मला अवघड वाटलं. अवघड वाटलं म्हणजे काय, ते मी आज स्वतःला नीट विचारलं. तुला लाज वाटेल असं मी गृहीत धरलं, म्हणजे तुझी लाज मी तुझ्या वतीने आधीच ठरवून टाकली. आणि मग जवळ होता तो आकडा लिहिला. कुठून होता तेही सांगते, कारण नाही सांगितलं तर मला तुझ्यासमोर उभं राहता येणार नाही. ऑरिन एका खेचरावर दीडशेच्या वर चढवत नाही. त्याच आठवड्यात त्याने मला ते सांगितलं होतं. तुझ्या नावासमोर मी खेचराचं ओझं लिहिलं, मावशी.

पण त्याहून वाईट पुढचं आहे. आकडा चुकला तर दुरुस्त करता येतो. मी लिहिलं की जे जास्त आहे त्याला दयामाया नको, घरी राहू दे. ते तू गॅरेजमध्ये मोठ्याने वाचलं असशील. मी प्लायवूडबद्दल लिहीत होते आणि तू ऐकत होतीस. मग साठ पौंड काढायची वेळ आली तेव्हा काकांचं मन दुखवायला मी घाबरले. त्यांची खोली ठेवली, त्यांचा जनरेटर ठेवला, आणि तुझी खुर्ची, तुझा तवा, माझ्यासाठी भरलेल्या बरण्या काढल्या. तू काही म्हणणार नाहीस हे मला माहीत होतं. माझा हिशोब तिथे बसत होता म्हणून मी तो तिथे बसवला. वर लिहिलं की मला हलकं वाटतंय.

हिशोबच मी उलटा केला. आधी लाकूड मोजलं, मग यंत्रं, मग भांडी, आणि उरलेल्या जागेत माणसं बसवायला निघाले. दारावरच्या त्या कागदावर पहिला शब्द माणसं आहे, मी तोच तुम्हाला शिकवत होते. चौदाशे ऐंशीतून सगळ्यांत आधी तू वजा व्हायला हवी होतीस, जेवढी असशील तेवढी, मग काका, मग प्यायचं पाणी. जे उरेल त्यात बाकीचं जग.

काका, हे तुमच्यासाठी, मावशी वाचून दाखवेल किंवा नाही दाखवणार, म्हणून ऑरिनकडे तुमच्या नावाची वेगळी चिठ्ठीही देते. खोलीच्या भिंती उतरवा. तुम्ही ती उत्तम बांधलीत आणि ती तुमच्या गाडीसाठी फार जड आहे, दोन्ही खरं आहे आणि दुसरं मी जूनमध्येच सांगायला हवं होतं. सांगाडा ठेवा, वर कॅनव्हास ताणा. जनरेटर घरी ठेवा, इथे त्याने काय चालवणार? हत्यारांच्या पेटीतून चाक बदलायला लागतं तेवढंच घ्या. तुम्ही माझ्यावर चिडलात तर मी ते सहन करेन, मावशीने करण्यापेक्षा मी केलेलं बरं.

आणि हे जमलं नाही, तर दोघांनीही येऊ नका. काका एकटे आले तर मी खाली उतरणार नाही. त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची माझी हिंमत होणार नाही, म्हणून आत्ताच कागदावर म्हणते.

मावशी, जेवत जा. ऑरिन हाका मारतोय.

ओपल

बर्ली
१५ ऑगस्ट

ओपल,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. तुझ्या काकाने चिठ्ठी एकट्याने वाचली, चष्मा शोधून. मग अंगणात जाऊन खोलीभोवती बराच वेळ फिरला. दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी फक्त कुत्र्यामार्फत बोलत होता. "बस्टर, तिला विचार मीठ आहे का." मी म्हटलं, "बस्टर, त्याला सांग मीठ त्याच्या हाताशी आहे." तिसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोकीचा आवाज आला. बाहेर गेले तर भिंती खाली काढत होता. एकही खिळा वाकवला नाही, सगळे सरळ डब्यात. मला पाहून म्हणाला, "मला वाटलं तू सामान उन्हात वाळवायला काढतेस." मी म्हटलं, "उशी?" तो म्हणाला, "मला कसं कळणार? तू बोलतेस कुठे." मग हातोडी खाली ठेवून म्हणाला, "मी एकटा गेलो असतो तर तिथे जाऊन काय केलं असतं, व्हर्ला?" त्याला हे विचारायला इतकी वर्षं लागली, आणि त्यासाठी त्याची एक खोली गेली. त्या लाकडाचं आता कोंबड्यांचं घर होतंय. शेजाऱ्याच्या कोंबड्याला त्यात पाय ठेवू देणार नाही असं म्हणतो.

काल काट्यावर गेलो. फाटकाशी आल्यावर डेलविनने गाडी थांबवली आणि इंजिन चालू ठेवून बसला. माझा हात दाराच्या मुठीवर होता, खोटं कशाला सांगू. मग म्हटलं, "जा ना पुढे, पेट्रोल जळतंय." लेलंडने खिडकीतून डोकं काढलं. "आज तूही का, व्हर्ला?"

"मीही. का, तुझा काटा मोडेल?"

"याच्यावरून चाळीस वर्षं बटाटे गेलेत बाई, कुणी तक्रार केली नाही."

"बटाटे तक्रार करत नाहीत," मी म्हटलं. "मी करेन."

त्याने चिठ्ठी दिली. गाडी, डेलविन, मी, पाणी, रजई, खुर्ची, सगळं मिळून एकच आकडा. मर्यादेच्या सव्वाशे पौंड खाली. कॅनव्हास किती, भिंती किती होत्या, पेटीतून काय काय निघालं, यातलं काहीच वेगळं तोलू दिलं नाही मी. तेव्हा माझा आकडा काढायला तू वजाबाकी करत बसू नकोस, होणार नाही. ती सोय करूनच मी काट्यावर बसले.

आता तुझं. तू मला खेचर केलंस ते वाचून मी आधी फार हसले. नॉर्डाला फोन करून सांगितलं, तीही हसली. फोन ठेवल्यावर मात्र स्वयंपाकघरात बसून थोडी रडले. हे तुला कळवू नये असं वाटत होतं, पण तू सगळं कळवतेस, मग मीच कशाला लपवू? दीडशे वाचलं तेव्हा मला वाटलं, ओपलला मी अशी दिसते, किती छान. मग वाटलं, ओपलला मी अशी दिसायला हवी आहे. ते दुसरं मी महिनाभर कालव्याच्या कडेने वाहून नेत होते. त्याचं वजन तुझ्या काट्यावर येत नाही.

तुझ्यावर राग आहे का, असं तू पत्रात कुठे विचारलं नाहीस, पण ओळीओळीत तेच आहे. थोडा आहे. तो उतरेल. तू घाईने माफी मागून तो उतरवू नकोस, त्याला त्याचा वेळ घेऊ दे.

आणि एक कबूल करते. तू जूनमध्ये मला विचारलं असतंस, तर मी खोटंच सांगितलं असतं. वीस-पंचवीस पौंड तरी कमी, आणि अगदी शांत चेहऱ्याने. तुझा हिशोब तरीही चुकला असता. तरी विचारायला हवं होतंस.

येत्या बुधवारी निघतो, गुरुवारी दुपारपर्यंत झऱ्याकाठी असू. घाटात डेलविन सगळ्यांत सावकाश चालवेल, मी त्याच्या शेजारी आहे. तू उतरून आलीस की आधी पोटभर जेव, मग मला तोंडावर विचार. काय सांगायचं ते मी वाटेत ठरवते.

व्हर्ला मावशी